मनाली ते लेह : सायकलस्वाराची पूर्वतयारी

हिमाचल प्रदेशातील मनालीहून लडाखमधील लेह येथे जाणारा सुमारे पावणेपाचशे किलोमीटरचा घाटरस्ता सायकलने पार करण्यास उन्हाळ्यात देशभरातून तरुण येतात. त्यांत महाराष्ट्रातीलही असतात. दार्चा मागे पडले की रुमत्सेपर्यंत जवळजवळ अडीचशे किलोमीटर कायम वस्तीचे गाव नाही. सरचू, पांग येथे हंगामापुरते तंबू असतात. तेथे सायकल दुरुस्त होईल असे मात्र धरून चालू नये.

जादा ट्यूब, सोल्युशन, पंप आणि पाने बहुतेकजण घेतात. खोळंबा होतो तो वेगळ्याच कारणाने. सामानाच्या ओझ्याने मागील चाकाचे आरे तुटतात, आणि तेही बहुधा साखळीच्या बाजूचे. ते बदलण्यासाठी मागचे दातेरी चक्र उतरवावे लागते. त्याचे हत्यार निराळे असते. हे हत्यार आणि नेमक्या मापाचे चार आरे यांचे वजन ते किती! टायर फाटल्यास जुन्या टायरचा तुकडा आतून लावला की पुढचा मुक्काम गाठता येतो. ही सर्व कामे घरी एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेली असावीत. बोचऱ्या वाऱ्यात, बधिर बोटांनी ती नव्याने शिकता येत नाहीत.

उंचीवर पाणी कमी तापमानास उकळते. सरचूला सुमारे ८६ अंशांनाच उकळी येत असल्याने डाळ शिजता शिजत नाही. सातूचे पीठ, गूळ, शेंगदाणे यांचा अशा वेळी खरा उपयोग. बर्फ वितळून वाहणारे ओढे दुपारनंतर फुगतात. ते सकाळीच ओलांडावेत.

सर्वांत मोठा धोका विरळ हवेचा. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच. मनालीच त्याहून उंच आहे, तर तांगलांग खिंड ५,३२८ मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची दररोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. या मार्गावरील मुक्काम तो पाळू देत नाहीत. म्हणून केलाँग किंवा जिस्पा येथे एक दिवस अधिक काढणे शहाणपणाचे. डोकेदुखी व मळमळ असताना आणखी चढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर विलंब न लावता खाली उतरणे हाच मुख्य उपाय होय. सकाळपर्यंत वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

परंतु सरचू आणि पांग ही दोन्ही ठिकाणे उंच खिंडींच्या मधोमध आहेत. तेथून खाली यायचे तर आधी खिंड चढावी लागते, आणि आजारी माणसाला ते सायकलवर शक्य नसते. अशा वेळी सायकल तंबूवाल्याकडे ठेवून मिळेल त्या वाहनाने, सोबत्यासह, निघावे. त्यासाठी लागणारी रोख रक्कम दुरुस्तीच्या हत्यारांइतकीच आवश्यक समजून वेगळी बांधून ठेवावी.