शब्द पाठ, तरी वाक्य का चुकते? मराठी मुलांसाठी इंग्रजी वाक्यरचनेची उकल

सातवीतल्या मुलाच्या वहीत एक वाक्य असते : ‘आय मँगो लाइक’. त्यावर लाल शाईची रेघ येते, वर ‘आय लाइक मँगोज’ असे लिहून मिळते आणि मुलगा ते पाच वेळा उतरवून काढतो. पुढच्या आठवड्यात त्याच वहीत ‘आय क्रिकेट प्ले’ सापडते. लाल रेघ पुन्हा तयार असते.

मुलाला ‘मँगो’ येतो, ‘लाइक’ येते, ‘प्ले’ही येते. शब्दांची अडचण नाहीच. तो मराठीचे व्याकरण अगदी इमानदारीने इंग्रजीला लावतो आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून त्याने ते शेवटी ठेवले. ही चूक आळसाची नाही. पण ती का होते हे कोणी सांगत नाही आणि मूल स्वतःला ‘ढ’ समजू लागते.

राज्यात २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून शिकवले जाई. म्हणजे आजचे सातवीतले मूल सहा वर्षे इंग्रजी शिकून आलेले असते. तरीही खरी कसोटी सहावी ते आठवीतच लागते, कारण सुट्या शब्दांचे दिवस संपून इथे उत्तरे लिहावी लागतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर विज्ञानाचे उत्तरही इंग्रजीत. मुलाला विज्ञान कळलेले असते, वाक्य जमत नाही आणि गुण जातात विज्ञानाचे.

मराठीत शब्द कुठेही ठेवता येतो, इंग्रजीत का नाही?

‘मांजराने उंदराला पकडले.’ ‘उंदराला मांजराने पकडले.’ ‘पकडले उंदराला मांजराने.’ तिन्ही वाक्यांत पकडणारे मांजरच आहे. क्रम बदलला तरी घोटाळा होत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय प्रत्येक शब्दाच्या गळ्यात ओळखपत्रासारखे लटकलेले आहेत. शब्द कुठेही बसो, तो कोण आहे ते कळते.

इंग्रजी नामांच्या गळ्यात असे ओळखपत्र नाही. तिथे खुर्च्या ठरलेल्या आहेत. पहिल्या खुर्चीवर करणारा, दुसरीवर क्रिया, तिसरीवर ज्याच्यावर क्रिया झाली तो. ‘द कॅट कॉट द माउस’ म्हणजे मांजराने उंदीर पकडला. दोघांच्या खुर्च्या बदला : ‘द माउस कॉट द कॅट’. आता उंदराने मांजर पकडले! एकही शब्द बदललेला नाही. मराठीत जे काम विभक्ती करते, ते इंग्रजीत जागा करते. एवढे एक सूत्र मुलाला पटले तरी निम्मी लढाई सोपी होते.

गंमत म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते आणि शब्दांचा क्रम बराच मोकळा होता. पुढे प्रत्यय झिजले, तसा क्रम घट्ट झाला. त्या जुन्या विभक्तीच्या खुणा आज सर्वनामांत शिल्लक आहेत. ‘ही’ म्हणजे तो, ‘हिम’ म्हणजे त्याला. ‘शी’ म्हणजे ती, ‘हर’ म्हणजे तिला. ‘आय’ म्हणजे मी आणि ‘मी’ म्हणजे मला! लहान मुले ‘मी गो टु स्कूल’ म्हणतात तेव्हा त्यांच्या कानात मराठीतला ‘मी’ वाजत असतो. तेव्हा हसण्यापेक्षा दोन ‘मी’मधला फरक सांगितलेला बरा.

मोठे वाक्य आले की काय करायचे?

‘मी रोज सकाळी आजीबरोबर बागेत फुले वेचते.’ हे वाक्य पाहून मुले गांगरतात. त्याचे तुकडे पाडा : मी / रोज सकाळी / आजीबरोबर / बागेत / फुले / वेचते. आता ‘मी’ आहे तिथेच ठेवा आणि उरलेले तुकडे शेवटापासून उलटे वाचा : वेचते, फुले, बागेत, आजीबरोबर, रोज सकाळी. इंग्रजी वाक्य तयार झाले. ‘आय पिक फ्लॉवर्स इन द गार्डन विथ माय ग्रँडमदर एव्हरी मॉर्निंग.’

हा निव्वळ योगायोग नाही. अशा बाबतीत मराठी आणि इंग्रजी आरशातल्या प्रतिमेसारख्या आहेत. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटते, इंग्रजीत तेच काम करणारा शब्द नामाच्या पुढे सुटा उभा राहतो. ‘टेबलावर’ मध्ये ‘वर’ नंतर येतो, ‘ऑन द टेबल’ मध्ये ‘ऑन’ आधी. ‘टेबलावरच्या डब्यातली चकली’ घ्या. इंग्रजी चकलीपासून सुरू होऊन डब्यात आणि मग टेबलावर पोहोचते : ‘द चकली इन द बॉक्स ऑन द टेबल’.

युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही मुलाला लगेच सांगायला हवे. साधे विशेषण जागचे हलत नाही. ‘लाल फूल’ म्हणजे ‘रेड फ्लॉवर’, ‘माझा भाऊ’ म्हणजे ‘माय ब्रदर’. तुकडा उलटवायचा तो अख्खा. त्याच्या पोटातली विशेषणे तशीच राहू द्यायची.

‘मँगो लाइक्स मी’ हे कुठून येते?

इथे मराठी मुलाची खरी परीक्षा असते. ‘मला आंबा आवडतो.’ ‘मला पोळी आवडते.’ ‘मला लाडू आवडतात.’ क्रियापद कोणाप्रमाणे बदलले? आंबा, पोळी, लाडू यांच्याप्रमाणे. ‘मला’ तसाच राहिला. मराठीच्या तासाला ‘क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलते ते शोधा’ हे शिकलेले हुशार मूल आंब्यालाच मालक ठरवते आणि ‘मँगो लाइक्स मी’ लिहिते. त्याचा तर्क चुकलेला नाही, भाषा बदलली आहे. मराठीत आवड माणसाला ‘होते’. इंग्रजीत ती माणूस ‘करतो’.

मराठी बोलण्यात ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये ढिगाने असतात आणि इंग्रजीत त्या प्रत्येकाचा साचा वेगळा पडतो. मला ताप आहे : ‘आय हॅव अ फीव्हर’. मला दोन बहिणी आहेत : ‘आय हॅव टू सिस्टर्स’. मला भूक लागली आहे : ‘आय ॲम हंग्री’. मला पोहता येते : ‘आय कॅन स्विम’. मला घरी जायचे आहे : ‘आय वाँट टु गो होम’. मला लवकर उठावे लागते : ‘आय हॅव टु गेट अप अर्ली’. साचे वेगळे असले तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे : पहिल्या खुर्चीवर ‘आय’. या वाक्यांत ‘मला’ दिसला की ‘आय’ने सुरुवात करायची, एवढी खूणगाठ बांधली तरी पुष्कळ चुका टळतात.

‘हॅव’कडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. मराठीत त्याच्या जोडीचे एकच क्रियापद नाही. ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला भाऊ आहे’, ‘त्याला दाढी आहे’, ‘तिचे केस लांब आहेत’ अशा निरनिराळ्या वळणांनी मराठी जे सांगते, ते इंग्रजी बहुतेक वेळा ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ने उरकते. म्हणूनच मुले ‘माय नियर सायकल इज’ असे काहीतरी जुळवत बसतात.

कर्ता गाळला तर काय बिघडते?

‘गेलो होतो’, ‘आली का?’, ‘जेवलात?’ मराठीत कर्ता न सांगताही भागते, कारण क्रियापदच चुगली करते. ‘गेला’ म्हणजे तो, ‘गेली’ म्हणजे ती, ‘गेलास’ म्हणजे तू. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘वेंट’. कोण गेले हे त्यातून कळत नाही, म्हणून कर्ता सांगावाच लागतो.

इंग्रजीला या पहिल्या खुर्चीची इतकी सवय झाली आहे की बसायला कोणी नसेल तरी ती मोकळी ठेवत नाही. ‘पाऊस पडतोय’, ‘उशीर झालाय’, ‘तीन वाजलेत’ यांत करणारा कोण? कोणीच नाही. मग तिथे ‘इट’ला आणून बसवतात : ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज लेट’, ‘इट इज थ्री ओक्लॉक’. या ‘इट’चा अर्थ शोधू नये, तो जागा धरण्यापुरता आहे, एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखा.

‘इज’ म्हणजे ‘आहे’, हे किती खरे?

‘ही इज प्ले’, ‘आय ॲम गो’ या वाक्यांचे मूळ इथे आहे. ‘इज’ म्हणजे ‘आहे’ असे पाठ करून घेतले की मूल प्रत्येक वाक्यात ‘इज’ पेरत जाते. यावर उपाय मराठीच पुरवते. ‘जातो’ हा एक शब्द, म्हणून इंग्रजीतही एक : ‘आय गो’. ‘जात आहे’ हे दोन शब्द, म्हणून इंग्रजीतही दोन : ‘ॲम गोइंग’. बोलताना आपण ‘जातोय’ म्हणतो. ते ‘जातो आहे’चे आखूड रूप आहे, हे लक्षात ठेवायचे. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ यांच्यापुढे साधे ‘गो’, ‘प्ले’, ‘ईट’ येत नाही.

प्रश्न विचारताना ‘डू’ कशाला हवा?

मराठीत प्रश्न करणे किती सोपे! वाक्य तसेच ठेवायचे आणि शेवटी ‘का’ लावायचा. ‘तू क्रिकेट खेळतोस का?’ इंग्रजी हा ‘का’ वाक्याच्या तोंडाशी आणते. वाक्यात ‘इज’, ‘आर’, ‘कॅन’ असेल तर तोच उचलून पुढे ठेवायचा : ‘शी इज टॉल’चे ‘इज शी टॉल?’ यांपैकी काहीच नसेल तर बाहेरून ‘डू’ आणायचा : ‘यू प्ले क्रिकेट’चे ‘डू यू प्ले क्रिकेट?’ नकारातही त्यालाच बोलवायचे. ‘मी खेळत नाही’ म्हणजे ‘आय डू नॉट प्ले’.

‘डिड यू वेंट?’ ही चूक तर मोठी माणसेही सर्रास करतात. भूतकाळाचे ओझे एकानेच उचलायचे असते. ‘डिड’ने ते उचलले की ‘वेंट’ मोकळा होऊन पुन्हा ‘गो’ होतो : ‘डिड यू गो?’ ‘ही प्लेज’ मधल्या शेवटच्या ‘ज’चेही तसेच. तो ‘डज’कडे जातो आणि मागे ‘प्ले’ उरतो : ‘डज ही प्ले?’

कुठे, केव्हा, का विचारताना मराठीतला प्रश्नशब्द मध्येच बसतो : ‘तू कुठे जात आहेस?’ इंग्रजीत तो सगळ्यांच्या पुढे आणि त्याच्या लगेच मागे ‘आर’ : ‘व्हेअर आर यू गोइंग?’ ‘व्हेअर यू आर गोइंग?’ हे आपल्याकडे इतके ऐकू येते की मुलांना तेच बरोबर वाटते.

‘अ’ की ‘ॲन’?

इथे देवनागरी चक्क मदतीला येते. इंग्रजी स्पेलिंग बाजूला ठेवा आणि शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. आवर म्हणून ‘ॲन आवर’. अंब्रेला म्हणून ‘ॲन अंब्रेला’. एमएलए म्हणून ‘ॲन एमएलए’. युनिफॉर्मची सुरुवात ‘य’ने होते, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. वन-रुपी कॉइनची ‘व’ने, म्हणून ‘अ वन-रुपी कॉइन’. हा नियम अक्षरावर नाही, उच्चारावर चालतो आणि उच्चार दाखवण्यात देवनागरीचा हात धरणे कठीण.

‘द’साठी गोष्ट आठवावी. एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा येतो तो ‘एक राजा’ म्हणजे ‘अ किंग’; ओळख झाल्यावरचा ‘तो राजा’ म्हणजे ‘द किंग’. सगळे बारकावे यात बसत नाहीत, पण सातवीला एवढे पुरते.

इंग्रजी न येणारे पालक मदत करू शकतात का?

करू शकतात, तेही मराठीतून. रात्री जेवताना मुलाने दिवसातली एखादी घटना सांगितली की पाच प्रश्न याच क्रमाने विचारायचे : कोणी? काय केले? काय किंवा कोणाला? कुठे? कधी? मुलाची उत्तरे ज्या क्रमाने येतील तोच साध्या इंग्रजी वाक्याचा क्रम आहे. पूर्वी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करण्याचा तो रियाज आता मागे पडला आहे. तो पुस्तकातल्या वाक्यांऐवजी घरातल्या वाक्यांवर झाला तर मुलांना कंटाळाही येत नाही. फक्त एका वेळी एकच चूक धरावी. क्रम शिकवायचा दिवस असेल तर ‘अ’ आणि ‘द’कडे खुशाल काणाडोळा करावा.

हेच पाच प्रश्न विज्ञानाच्या वहीतही चालतात. ‘वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात.’ कोण? प्लांट्स. काय करतात? मेक. काय? फूड. कशात? इन सनलाइट. ‘प्लांट्स मेक फूड इन सनलाइट.’ मूल मध्ये ‘आर’ घालायला जाईल, तेव्हा त्याला मराठी वाक्य पुन्हा वाचायला सांगावे : तिथे ‘करत आहेत’ नाही, ‘करतात’ आहे.