स्पर्धात्मक ट्रेडिंग कार्ड गेममधील डेकची बांधणी व परिष्करण : 'मॅजिक : द गॅदरिंग'च्या विशेष संदर्भात

सारांश :
ट्रेडिंग कार्ड गेम या क्रीडाप्रकारात प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेल्या कार्डांचा संच, म्हणजेच डेक, घेऊन स्पर्धेत उतरतो. त्यामुळे खेळातील निर्णयांचा मोठा भाग प्रत्यक्ष डाव मांडण्यापूर्वीच घेतला जातो. प्रस्तुत लेखात 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाच्या आधारे डेकची बांधणी, त्यामागील संभाव्यतेचे गणित आणि डेकमध्ये टप्प्याटप्प्याने सुधारणा करण्याची पद्धत यांचे विवेचन केले आहे. मोजक्या डावांच्या जय-पराजयावरून एखाद्या कार्डाचे मूल्य ठरविणे सदोष ठरते, हे यात दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजशब्द : डेक, लँड, माना, मेटागेम, साइडबोर्ड, संभाव्यता, चाचणी.

प्रस्तावना :
रमी किंवा ब्रिज या परिचित खेळांत सर्व खेळाडूंना एका सामाईक कॅटमधूनच पाने मिळतात. हाती काय यावे हे दैवाधीन असले, तरी कॅटमध्ये काय असावे हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये मात्र हाच प्रश्न मध्यवर्ती आहे. या प्रकाराचा पाया रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेल्या आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने १९९३ साली प्रकाशित केलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने घातला. पुढे जपानमध्ये १९९६ साली पोकेमॉनचा आणि १९९९ साली यू-गी-ओचा कार्ड गेम आला. तपशील भिन्न असले तरी तिन्ही खेळांत डेकरचनेचे मूलभूत प्रश्न समानच आहेत.

मॅजिकमध्ये दोन खेळाडू प्रत्येकी २० गुणांच्या आयुष्याने डाव सुरू करतात. प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य शून्यावर आणणे हा विजयाचा सर्वसाधारण मार्ग होय. कार्ड खेळण्यासाठी 'माना' नावाची ऊर्जा खर्चावी लागते. ती मुख्यतः 'लँड' या कार्डांपासून मिळते आणि एका पाळीत सामान्यतः एकच लँड मांडता येते. प्रचलित स्पर्धानियमांनुसार डेकमध्ये किमान ६० कार्डे असावी लागतात आणि मूलभूत लँड वगळता एकाच नावाच्या कार्डाच्या चारपेक्षा अधिक प्रती चालत नाहीत. आरंभीच्या नियमांत किमान संख्या ४० होती व प्रतींवर बंधन नव्हते. एकाच प्रभावी कार्डाने डेक भरून टाकण्याची वाट त्यामुळे मोकळी होती.

संख्येचे गणित :
नियमाने किमान ६० कार्डे सांगितली असताना त्याहून अधिक कार्डे का घेऊ नयेत, असा प्रश्न नवख्या खेळाडूस पडतो. याचे उत्तर संभाव्यतेच्या सिद्धान्तात आहे. डाव सुरू होताना खेळाडू सात कार्डे उचलतो. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार प्रती असल्यास त्यांपैकी किमान एक प्रत पहिल्या सात कार्डांत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. तीन प्रती असल्यास ती सुमारे ३१.५ टक्के, दोन असल्यास २२ टक्के आणि एकच असल्यास ११.७ टक्के होते. डेक ८० कार्डांचा केल्यास चार प्रतींचीही शक्यता ३१ टक्क्यांवर येते. म्हणजे वीस कार्डे वाढविणे हे चौथी प्रत गमावण्यासारखेच ठरते.

एकसष्टावे कार्ड घेतल्याने ही शक्यता ४० वरून ३९.४ टक्क्यांपर्यंतच उतरते. हा तोटा अल्प असला तरी तो डेकमधील सर्वोत्तम कार्डांच्या वाट्याला येतो आणि लाभ मात्र सर्वांत कमी महत्त्वाच्या कार्डास मिळतो. म्हणूनच अनुभवी खेळाडू नवे कार्ड आत घेताना कोणते कार्ड बाहेर जाणार, हा प्रश्न प्रथम विचारतात. डेकमधील प्रत्येक बेरीज ही एक वजाबाकीही असते.

लँडची संख्या व खर्चाचा आलेख :
लँड कमी पडल्यास हातातील उत्तम कार्डेही निरुपयोगी ठरतात. लँड अति झाल्यास खेळण्यासारखे काही उरत नाही. ६० कार्डांत २४ लँड असल्यास आरंभीच्या सात कार्डांत मिळणाऱ्या लँडची शक्यता पुढीलप्रमाणे येते.

तक्ता क्र. १
शून्य किंवा एक लँड : १४.३ टक्के
दोन ते चार लँड : ७७.४ टक्के
पाच किंवा अधिक लँड : ८.३ टक्के

याचा अर्थ, सुविहित बांधलेल्या डेकलाही सुमारे सातपैकी एका वेळी लँडचा तीव्र तुटवडा जाणवणार. लँडची संख्या २० वर आणल्यास शून्य किंवा एक लँड मिळण्याची शक्यता १४.३ वरून २४.७ टक्क्यांवर जाते. असा हात बदलून घेण्याची, म्हणजे 'मलिगन'ची, तरतूद नियमांत आहे. २०१९ पासूनच्या नियमानुसार खेळाडू पुन्हा सात कार्डे उचलतो आणि जितक्या वेळा हात बदलला तितकी कार्डे डेकच्या तळाशी ठेवतो. मात्र त्याची किंमत एकेका कार्डाने मोजावीच लागते.

लँडची योग्य संख्या डेकमधील कार्डांच्या खर्चावर अवलंबून असते. प्रथम खेळणाऱ्या खेळाडूने चौथ्या पाळीपर्यंत दहा कार्डे पाहिलेली असतात. २४ लँड असल्यास त्यांत सरासरी चार, तर २० असल्यास सरासरी ३.३ लँड येतात. चार मानांच्या कार्डांवर भिस्त असलेल्या डेकला पहिली रचना आवश्यक ठरते. एक-दोन मानांच्या कार्डांवर चालणाऱ्या डेकला दुसरीही पुरते. खर्चानुसार कार्डांच्या या वाटणीस खेळाडूंच्या परिभाषेत 'माना कर्व्ह' म्हणतात.

या कल्पनेचे महत्त्व १९९६ साली ठळकपणे पुढे आले. जे श्नायडर यांनी रचलेला आणि पॉल स्लाय यांनी अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत खेळविलेला लाल रंगाचा डेक पुढे 'स्लाय' याच नावाने प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक कार्डे सुटी पाहिली असता सामान्य, किंबहुना दुबळी मानली जात. परंतु प्रत्येक पाळीत उपलब्ध असलेला माना पुरेपूर वापरला जाईल अशी त्यांची मांडणी होती. महागडी व बलाढ्य कार्डे हातात धरून बसलेला प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वीच डाव त्याच्या हातून निसटत असे. कार्डाचे मूल्य त्याच्या सुट्या सामर्थ्यावर नव्हे, तर डेकच्या योजनेतील त्याच्या स्थानावर ठरते, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

योजना व भूमिका :
डेकची योजना एका वाक्यात सांगता आली पाहिजे. वेगाने आक्रमण करणारे, प्रतिस्पर्ध्याच्या चाली रोखून दीर्घ डाव जिंकणारे आणि विशिष्ट कार्डांच्या संयोगाने एकाएकी विजय मिळविणारे, असे डेकचे तीन ढोबळ वर्ग केले जातात. 'लाइटनिंग बोल्ट' हे कार्ड एका मानात तीन गुणांची हानी करते. २० गुण संपविण्यास अशी सात कार्डे लागतात. आक्रमक डेक या हिशेबाने हातातील प्रत्येक कार्ड मोजतो. नियंत्रक डेक मात्र तेच कार्ड समोरील प्राणी नष्ट करण्यासाठी राखून ठेवतो. मायकेल फ्लोरेस यांनी १९९९ साली लिहिलेल्या एका लेखात या प्रश्नाची मूलगामी चर्चा आहे. प्रत्येक लढतीत एकाने आक्रमकाची व दुसऱ्याने बचावाची भूमिका घ्यावी लागते आणि आपली भूमिका चुकीची ओळखणारा खेळाडू डाव गमावतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. ही भूमिका समोरच्या डेकनुसार बदलते. म्हणून डेकची रचना एकाकीपणे पूर्ण होऊ शकत नाही.

मेटागेम व साइडबोर्ड :
स्पर्धेत कोणते डेक किती प्रमाणात येतील, याच्या अंदाजास 'मेटागेम' म्हणतात. याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. स्पर्धेतील ४० टक्के डेक आक्रमक, ३५ टक्के नियंत्रक व २५ टक्के संयोगप्रधान आहेत आणि त्यांच्याविरुद्ध एका डेकच्या विजयाचे प्रमाण अनुक्रमे ६०, ४५ व ५० टक्के आहे, असे मानू. त्याचे एकूण अपेक्षित यश ५२.२५ टक्के येते. काही कार्डे बदलून पहिले दोन आकडे ५५ व ५५ झाले, तर एकूण यश ५३.७५ टक्क्यांवर जाते. हा बदल लाभदायक दिसतो. परंतु पुढील स्पर्धेत आक्रमक डेक ६० टक्के व उरलेले दोन वर्ग प्रत्येकी २० टक्के झाले, तर जुनी रचना ५५ टक्के आणि 'सुधारित' रचना ५४ टक्के यश देते. सारांश, सुधारणा ही नेहमी विशिष्ट परिस्थितीच्या संदर्भातच सुधारणा असते.

ही अनिश्चितता काही अंशी पेलण्यासाठी १५ कार्डांच्या साइडबोर्डची सोय आहे. तीन डावांच्या सामन्यात पहिल्या डावानंतर मुख्य डेकमधील कार्डे साइडबोर्डमधील कार्डांशी बदलता येतात. सामना दोन डावांत संपल्यास एक डाव आणि तीन डावांत संपल्यास दोन डाव साइडबोर्डनंतरचे असतात. म्हणजे निकाली सामन्यातील किमान निम्मे डाव बदललेल्या डेकने खेळले जातात. तरीही अनेक खेळाडू सरावाचा बहुतांश वेळ मूळ ६० कार्डांवरच खर्च करतात. साइडबोर्ड आखताना काय आत येणार याबरोबर काय बाहेर जाणार, याचीही प्रत्येक प्रतिस्पर्धी डेकनुसार आगाऊ नोंद करणे आवश्यक ठरते.

चाचणी व पुराव्याचा प्रश्न :
परिष्करणातील सर्वांत अवघड भाग म्हणजे चाचणीच्या निकालाचा अन्वयार्थ. दोन डेक तंतोतंत तुल्यबळ असले, तरी दहा डावांत त्यांपैकी ठरावीक एका डेकने सात किंवा अधिक डाव जिंकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे सात विरुद्ध तीन हा समाधानकारक वाटणारा निकाल साधारण सहापैकी एका वेळी निव्वळ योगायोगाने लागतो. शंभर डाव खेळले तरी प्रमाण त्रुटी पाच टक्के गुणांची राहते. ५५ विजयांवरूनही डेक खरोखर सरस आहे असे ठामपणे म्हणता येत नाही.

एका कार्डाच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. दहा कार्डे पाहिली जाईपर्यंत एकच प्रत असलेले कार्ड सहापैकी एकाच डावात दिसते. ते दिसल्यावर विजयाची शक्यता दहा टक्के गुणांनी वाढते असे गृहीत धरले, तरी एकूण यशातील वाढ १.७ टक्के गुणांहून अधिक होत नाही. एवढा फरक जय-पराजयाच्या आकड्यांतून विश्वासाने ओळखण्यास हजारो डाव लागतील. तेवढा अवधी स्पर्धेच्या तयारीत कोणासही मिळत नाही. याउलट, एखाद्या कार्डामुळे झालेला नाट्यमय विजय किंवा पराभव स्मरणात ठळक राहतो आणि निर्णयावर अवाजवी प्रभाव टाकतो. बाजारात कार्डांच्या किमती चढ्या असल्याने अशा घाईच्या निर्णयाचा भुर्दंड खेळाडूच्या खिशालाही बसतो.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी निकालाऐवजी प्रक्रियेची नोंद उपयोगी पडते. विचाराधीन कार्ड जेव्हा जेव्हा हातात येईल, तेव्हा ते खेळता आले काय, त्याने योजनेस हातभार लावला काय आणि त्या क्षणी त्याऐवजी दुसरे कोणते कार्ड अधिक उपयुक्त ठरले असते, ही तीन उत्तरे टिपून ठेवावीत. डाव जिंकला की हरला, याचा या नोंदीशी संबंध नसतो. अशा वीस-पंचवीस नोंदी कार्डाविषयी जे सांगतात, ते तितक्याच डावांचा जय-पराजय सांगू शकत नाही. एका वेळी मोजकेच बदल करणे, सरस प्रतिस्पर्ध्याशी सराव करणे आणि उभय खेळाडूंनी डेकची अदलाबदल करून खेळणे, ही पथ्येही याच कारणास्तव पाळली जातात. अदलाबदलीमुळे डेकचे बळ व खेळाडूचे कौशल्य यांची गल्लत काही अंशी टळते.

परिष्करणाच्या मर्यादा :
असंख्य खेळाडू एकाच वेळी परिष्करण करीत असल्याने कधी कधी संपूर्ण खेळ एकाच डेककडे झुकतो. 'स्कलक्लॅम्प' हे एका मानाचे कार्ड प्राण्याचा बचाव एका गुणाने घटवीत असे आणि तो प्राणी मेल्यावर दोन कार्डे देत असे. त्यामुळे क्षुल्लक प्राणीही कार्डांचा अखंड स्रोत ठरू लागले. जून २००४ मध्ये स्टँडर्ड या स्पर्धाप्रकारात त्यावर बंदी आली. मार्च २००५ मध्ये 'आर्कबाउंड रॅव्हेजर'सह आणखी आठ कार्डे तेथे बंद झाली. २०११ साली 'जेस, द माइंड स्कल्प्टर' व 'स्टोनफोर्ज मिस्टिक' यांवरही हीच वेळ आली. डेक अधिकाधिक निर्दोष करण्याची स्पर्धा शेवटी निवडीचे स्वातंत्र्यच संपवू लागली, तर नियमकर्त्यांस हस्तक्षेप करावा लागतो, असे यावरून दिसते.

निष्कर्ष :
१. डेकची बांधणी ही उत्तम कार्डांची जमवाजमव नसून मर्यादित जागेचे योजनापूर्वक वाटप आहे.
२. कार्डांची एकूण संख्या, प्रती व लँड यांविषयीचे निर्णय संभाव्यतेच्या साध्या गणिताने बऱ्याच अंशी पारखता येतात.
३. कोणतीही सुधारणा अपेक्षित प्रतिस्पर्ध्यांच्या संदर्भातच तपासावी लागते. मूळ ६० कार्डांइतकेच साइडबोर्डनंतरच्या डेककडेही लक्ष द्यावे लागते.
४. मोजक्या डावांच्या निकालावरून एका कार्डाचे मूल्य ठरत नाही. त्यासाठी निर्णयागणिक केलेली नोंद अधिक विश्वसनीय ठरते.

योग्य निर्णय घेऊनही डाव हरता येतो आणि चुकीचा निर्णय घेऊनही जिंकता येतो. हे दोन्ही वेगळे ओळखण्याची सवय ही डेकच्या परिष्करणाची खरी फलश्रुती होय. अनिश्चिततेत निर्णय घ्यावे लागणाऱ्या अन्य क्षेत्रांतही ती तितकीच उपयुक्त आहे.