नीरो बादशहाची माता आग्रिपिना : ग्रंथ व नाणीं

रोमचा बादशहा नीरो याची माता आग्रिपिना हिचें चरित्र बहुधा टॅसिटस या इतिहासकाराच्या ग्रंथावरून सांगितलें जातें. त्यांतील आग्रिपिना सत्तालोभी व पतीस विष देवविणारी आहे. परंतु हा ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर पन्नासांहून अधिक वर्षांनीं लिहिला गेला. बखरींतील मजकूर अस्सल कागदांशीं ताडून पाहण्याची आपली रीत येथेंही लाविली पाहिजे.

आग्रिपिना ही जर्मानिकसची कन्या व ऑगस्टस बादशहाची पणती. तिचा जन्म इ. स. १५ मध्यें ऱ्हाइन नदीकांठीं झाला, इ. स. ५० मध्यें त्याच स्थळीं तिच्या नांवानें वसाहत स्थापन झाली, तेंच आजचें कोलोन शहर. इ. स. ४९ मध्यें तिनें आपला सख्खा चुलता क्लॉडियस बादशहा याच्याशीं विवाह केला. पुढील वर्षीं तिला 'ऑगस्टा' हा किताब मिळाला व पहिल्या पतीपासून झालेल्या नीरोस क्लॉडियसनें दत्तक घेतलें. इ. स. ५४ मध्यें क्लॉडियस वारला आणि १६ वर्षांचा नीरो गादीवर आला.

आतां नाण्यांची साक्ष पाहूं. त्या वर्षाअखेरच्या सोन्याच्या नाण्यावर मायलेकांचे मुखवटे समोरासमोर आहेत. दर्शनी बाजूचा लेख आग्रिपिनेचा. नीरोचें नांव मागील बाजूस. इ. स. ५५ च्या नाण्यावर मुखवटे एकाआड एक असून नीरो पुढें आहे, आणि दर्शनी लेखही त्याचाच. पुढें रोमच्या टांकसाळीच्या नाण्यांवरून ती नाहींशीच होते. इ. स. ५९ च्या मार्चांत नीरोच्या आज्ञेनें तिचा वध झाला. इ. स. ५५ मध्यें नीरोनें तिला राजवाड्याबाहेर काढिलें, या टॅसिटसच्या कथनास नाण्यांचा असा दुजोरा मिळतो. विषप्रयोगाविषयीं मात्र नाणीं मुकीं आहेत.

आग्रिपिनेनें स्वतः आपल्या घराण्याची हकीकत लिहिली होती. टॅसिटस व प्लिनी या दोघांनींही तिचा आधार घेतला. पण तिची एकही प्रत उरली नाहीं. उलट, टॅसिटसच्या ग्रंथाचा तिच्या उत्कर्षाचा व अंताचा भाग मुख्यतः अकराव्या शतकांतील एका हस्तलिखितामुळें वांचला. तें फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहे. आरोपीची कैफियत नष्ट झाली, प्रतिपक्षाची एका प्रतीवर तगली. तिच्याविषयींचा निवाडा करितांना हें विसरतां कामा नये.