पुढे हुक की मागे?

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या एवढ्याशा गाळ्यात दोन शिलाई मशिनं, एक इंटरलॉक आणि सात बायका मावल्या आहेत. आठवी मी. माझं काम किरकोळ, एका साडीला फॉल-पिको. पण पाडवा तोंडावर आलेला असताना फॉल-पिकोला कोण विचारतो? मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवून ठेवलंय. माझी काही तक्रार नाही, इथून सगळं दिसतं.

भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार बांधली आहे आणि तिच्यावर शिवून झालेले ब्लाऊज लटकताहेत, प्रत्येकाला टाचणीने पावतीचा तुकडा लावलेला. आत येणारी बाई आपला झालाय का हे विचारते खरी, पण उत्तर मिळेपर्यंत तिचा हात तारेवर पोचलेला असतो. एक बाही ओढून बघते, एकाची पाठ उलटी करून अस्तर बघते. ‘हा कुणाचा हो?’

‘आहे एका बाईंचा,’ टेलरताई म्हणतात. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, हातात खडू. नाव सांगत नाहीत. ‘असा हवा का?’

निम्म्या बायकांना असाच हवा असतो.

आता नंबर आहे तो बँकेतल्या बाईंचा. चाळिशीच्या असतील. सुती कुर्ता, खांद्यावर अजून ऑफिसची बॅग, म्हणजे थेट स्टेशनवरून आलेल्या. त्यांच्याकडे फोटो नाही. त्या तोंडी सांगताहेत, डोळे मिटून. ‘मानेखाली पानाचा आकार. त्याला उरेब पट्टीची पाईपिंग, बारीक. खाली दोन बटणं, पण ती उघडत नाहीत, नुसती लावलेली.’

‘पुढून कसा आहे?’

‘पुढून मी तिला कधी बघितलंच नाही. आमच्या गाडीत असते. घाटकोपरपर्यंत माझ्यापुढे उभी.’

सगळा गाळा हसतो. पण गोष्ट खरी आहे. सकाळच्या फास्ट गाडीत बायकांच्या डब्यात माणसाला दिसते ती समोरच्या बाईची पाठ, तीही वीतभर अंतरावरून आणि भरपूर वेळ. टाका न् टाका पाठ होतो. कल्याण-डोंबिवलीकडच्या ब्लाऊजांचा पुढचा गळा साधा आणि सगळी कारागिरी मागे असते, त्याचं कारण ही गाडीच असावी असं माझं मत आहे. टेलरताईंना सांगते. त्या नुसतं ‘हं’ करतात आणि वहीत मागचा गळा ९ लिहितात.

दारातल्या मुलीकडे मात्र फोटोच फोटो आहेत. कॉलेजातली. तिला पाडव्याच्या शोभायात्रेसाठी खणाचा ब्लाऊज हवाय, हिरव्या खणाचा, त्यावर शिवलेली नऊवारी आणि गॉगल. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली इथे ही यात्रा सुरू केली. हल्ली तिच्या आधीचे आठ दिवस गावातल्या कुठल्याही शिवणाऱ्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते.

टेलरताई फोटो बोटांनी मोठा करतात. कुणी नटी आहे, कमरेवर हात, बाही दंडाला घट्ट. ‘ही उभी आहे. तू काय करणारेस?’

‘बुलेटवर.’

‘मागे बसणार की चालवणार?’

‘चालवणार!’

‘मग मुंढा असा खोल नको. खोल घेतला की हात पुढे केलास, सगळा ब्लाऊज वर. मुंढा वर घेते, काखेला लागून. बघायला तोकडा वाटेल, घातल्यावर कळेल.’ मुलगी पुन्हा फोटोकडे बघते, मग स्वतःच्या हाताकडे. नसलेलं हँडल धरते. मान हलवते.

मग कापड उलगडलं जातं आणि टेलरताई चुकचुकतात. हा मशिनवरचा नाही, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण आहे, मुलीच्या आजोळच्या कपाटातला. पन्हा अरुंद. पूर्वी एका खणात एक चोळी बसवायची, काठ नेमका बाहीवर आणायचा, चिंधीसुद्धा वाया जायची नाही. आता खणाच्या अख्ख्या साड्या येतात, पर्सा येतात, दाराला तोरणं येतात. टेलरताईंना त्याचं कौतुक नाही. मला आहे थोडं.

तेवढ्यात जमिनीवर बसलेली बाई उठते. चार घरची कामं करून आली आहे. कुणीतरी दिलेल्या रेशमी साडीवरचा ब्लाऊज उसवून आपल्या मापाचा करायचाय. आत सोडलेलं कापड भरपूर आहे, होईल. तिचं म्हणणं गळ्याबद्दल नाहीच. ‘आतून कप्पा पाहिजे. डाव्या बाजूला. मोबाइल नाही मावला तर राहू दे, पैसे आणि किल्ली मावली पाहिजे.’ तिच्या अंगावरच्या ब्लाऊजला तो आहेच. ती दोन बोटं घालून दाखवते, आत चापून बसलेला, बाहेरून पत्ता लागत नाही.

‘असा कप्पा होतो?’ बँकेतल्या बाई विचारतात. त्या निघाल्या होत्या. परत वळतात. ‘माझ्यालाही लावा. दोन्हींना.’

टेलरताईंची पेन्सिल चालते. त्यांच्या वहीत रेघा मारून शेजारी शेजारी लिहिलेल्या मापांत कोण कुणाकडून काय घेतंय ते वाचता येईल, पण ती वही त्या कुणाला देत नाहीत. शिवण शिकत होत्या तेव्हा ‘हम आपके हैं कौन’ आला होता, १९९४. माधुरीच्या जांभळ्या साडीवरची ती उघडी पाठ प्रत्येकीला हवी होती. ‘बाई शिकवायच्या आम्हाला, पाठ उघडी ठेवा पण खांदा उतरता कामा नये. सगळी अक्कल खांद्यात असते.’

आणि खांद्यावरूनच आता अडलंय. आजी बसल्यात मशिनला टेकून, पंचाहत्तरीच्या पुढच्या. नातवाच्या मुंजीला बोट नेक हवा, भजनी मंडळातल्या एकीचा बघितलाय. पण बोट नेकला हुक मागे येतात.

‘आजी, हात मागे न्या बघू.’

हात कमरेपर्यंत जातो आणि थांबतो. ‘एवढाच.’

‘मग कोण लावून देणार हुक?’

‘सून देईल. पण रोज कुणाला हाक मारू? मला माझा घालता आला पाहिजे.’

क्षणभर सगळ्याच जणी त्या थांबलेल्या हाताकडे बघतात. तिशीतली एक तर आपला हात मागे नेऊन खात्री करून घेते.

आजी थकत नाहीत. त्यांना नीटनेटकं राहायची जुनी हौस आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं तेव्हा शेजारच्यांकडे बातम्या बघायला जायच्या, सांगतात. ‘स्मिता पाटील वाचायची. रंग कुठे दिसायचे तेव्हा? आम्ही नुसते काठ आणि गळे बघायचो. बातमी काय होती, विचारू नका.’ रंगीत चित्र आलं १९८२ मध्ये, म्हणजे तोवर दहा वर्षं आजींनी रंग सोडून उरलेलं सगळं बघितलं. नजर अशी तयार होते.

‘पुढे उघडा ठेवून गळा बंद हवा ना?’ टेलरताई खडू उचलतात. पाटावरच दोन रेघा. ‘कॉलर करू. उभी नाही, शर्टासारखी, छोटी. पुढून खालपर्यंत बटणं, बाही कोपरापर्यंत. बटणं दिसायला. आत चटकन लागणारी प्रेसबटणं.’

आजींचं कापड पिशवीतून निघतं. इरकली आहे, पदर विरलाय, पण अंग शाबूत. काळं-निळं, चौकडीचं. टेलरताई कॉलरीजवळ लाल पदराच्या चांगल्या भागाची पट्टी धरून दाखवतात आणि बँकेतल्या बाई, ज्या अजून गेलेल्या नाहीत, ‘अय्या’ म्हणतात.

मुलगी खडूच्या रेघांचा फोटो काढते. ‘काकू, मला पण असाच. कॉलरवाला.’

‘आणि ती नटी?’

‘राहू दे ती.’

‘खण पुरणार नाही. सांगितलं ना, पन्हा अरुंद.’

‘कॉलर माझ्यातल्या उरलेल्याची लाव तिला,’ आजी म्हणतात. ‘हिरव्यावर लाल. आमच्या वेळी उलटंच असायचं, लालवर हिरवं.’

‘उरलं तर,’ टेलरताई म्हणतात. ‘आणि पाडव्याला हवा असेल तर बटणं तू लावायचीस. माझ्याकडे माणूस नाही. सुई धरता येते?’

‘येते.’ जरा अडखळतच.

‘संध्याकाळी घेऊन ये माझ्याकडे,’ आजी बिल्डिंगचं नाव सांगतात. ‘बोटं चालतात माझी. खांदा नाही चालत.’

टेलरताई पावतीला खणाचा तुकडा स्टेपल करतात, ॲडव्हान्स मोजून डब्यात टाकतात आणि दाराकडे बघून ओरडतात, ‘पुढे कोण?’ मी साडी घेऊन उठते. एक बाई माझ्या पाठीकडे बघत विचारते, ‘हा कुठे शिवलात?’