रुईच्या पानावरची अळी आणि बीटीचे पराग

करवीर असो की कागल, कोल्हापूरकडच्या शिवारात बांधावर रुईचं झुडूप दिसतंच. शनिवारी मारुतीला हार घालतात तो याच पानांचा. ही पानं कुरतडणारी काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी पुढे केशरी पंखांचं फुलपाखरू होते. त्याचं नाव बिबळ्या कडवा. रुईचा विषारी चीक पचवून ही अळी ते विष अंगात साठवते, म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

अमेरिकेतलं मोनार्क हे याच कुळातलं फुलपाखरू. त्याची अळी मिल्कवीड या रुईच्याच नात्यातल्या झाडावर वाढते. १९९९मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन लोझी आणि सहकाऱ्यांनी बीटी मक्याचे पराग मिल्कवीडच्या पानांवर भुरभुरून ती अळ्यांना खायला दिली. चार दिवसांत ४४ टक्के अळ्या मेल्या. साध्या मक्याचे पराग खाणाऱ्यांपैकी एकही दगावली नाही.

जगभर खळबळ उडाली, आणि शंका रास्तच होती. बीटी हा मातीतला जीवाणू. त्याच्या जनुकामुळे पिकात तयार होणारं प्रथिन अळीच्या आतड्यात सक्रिय होऊन तिथल्या पेशींना भोकं पाडतं. बीटी कापूस जिला मारण्यासाठी आहे ती बोंडअळी ही पतंगाची अळी, आणि पतंग व फुलपाखरं एकाच गणातली.

पण प्रयोगशाळेतलं पान म्हणजे शेत नव्हे. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा शोधनिबंधांनी शेतातली परिस्थिती तपासली. मक्याचे बहुतेक पराग शेतात किंवा कडेच्या काही मीटरांतच पडतात. प्रचलित वाणांच्या परागांत विषारी प्रथिनही फार कमी होतं. अपवाद ‘इव्हेंट १७६’ या वाणाचा. ते पुढे बाजारातून गेलं.

भारतात मार्च २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. कपाशीचे पराग जड आणि चिकट असतात, मक्यासारखे वाऱ्यावर उडत नाहीत. त्यामुळे विदर्भातल्या बांधावरच्या रुईवर ते साचण्याची शक्यता अगदी थोडी. कोल्हापुरात तर मुख्य पिकं ऊस, भात, सोयाबीन, भुईमूग.

मोनार्कला खरा फटका दुसरीकडून बसला. तणनाशक सहन करणारे मका-सोयाबीन आले, ग्लायफोसेटची फवारणी वाढली आणि शेतातलं मिल्कवीड जळून गेलं. १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज जॉन प्लेझंट्स आणि कॅरन ओबरहॉसर यांनी मांडला. परागाचं विष अळीच्या पोटात जाईल का, यावर वाद चालू असताना तिचं ताटच उचललं गेलं होतं.

कोल्हापूरचा ऊस जनुकीय बदल केलेला नसतानाही त्यात भांगलणीला माणूस मिळेना म्हणून तणनाशक सर्रास मारलं जातं. पंप बांधावरही फिरला, तर रुई जाते, मधाची एकदांडी जाते आणि बिबळ्या कडव्याचे नर ज्यातून अल्कलॉइड शोषतात तो खुळखुळाही जातो. फुलपाखरांची काळजी असेल, तर आधी या बांधाकडे पाहायला हवं.

जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारा कापूस परवानगी नसताना जाहीरपणे पेरला. उद्या अशा वाणांना मान्यता देताना फक्त परागांची चाचणी पुरेशी ठरू नये. फवारणीनंतर बांधावर कोणत्या वनस्पती उरतात, हेही तपासलं पाहिजे. तुलनेसाठी आधीची नोंद लागते. शिवाजी विद्यापीठाभोवतीच्या गावांतल्या बांधांवर रुईची झुडपं आणि त्यांवरच्या अळ्या मोजून ती नोंद येत्या पावसाळ्यापासूनच सुरू करता येईल.