साठ पैशांचा वेताळ

मार्च 1964मध्ये मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी, ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक बाजारात आणला. नायक होता वेताळ आणि किंमत साठ पैसे. अंक आधी महिन्याला निघे, मग पंधरवड्याला, ऐंशीच्या दशकात दर आठवड्याला. 1990मध्ये मालिका बंद पडली तेव्हा 803 अंक झाले होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक अंकांत वेताळच होता. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांतूनही हे अंक निघाले. आज सुरुवातीच्या अंकाची धड प्रत हजारो रुपयांना जाते, आणि मराठी प्रत तर पैसे मोजायची तयारी असूनही सहज हाती लागत नाही.

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यात अशा प्रती अजून निघू शकतात. मुंबईची वर्तमानपत्रं आणि मासिकं इथे रेल्वेने येत. भुसावळसारखं मोठं जंक्शन, चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा, त्यामुळे फलाटावरच्या बुकस्टॉलमधून वेताळ आणि इंद्रजालचा दुसरा नायक, जादूगार मॅन्ड्रेक, खानदेशातल्या घराघरांत पोचले. मोठ्या भावाचा अंक धाकट्याकडे आणि तिथून आतेभावाकडे जात राहिला. उरलेले माळ्यावरच्या ट्रंकेत पडले. अशी ट्रंक उघडली की दोनच प्रश्न पडतात: हे ठेवायचं की द्यायचं, आणि याला खरंच किंमत आहे का? दुसऱ्याचं उत्तर नीट समजलं तर पहिला आपोआप सुटतो.

किंमत मुळात फेकून देण्यातून तयार होते. अमेरिकेत जून 1938च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला. किंमत दहा सेंट, छापल्या गेल्या सुमारे दोन लाख प्रती. मुलांनी वाचल्या, फाडल्या, आयांनी टाकल्या. दुसऱ्या महायुद्धात जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत ढिगाने कॉमिक्स गेली. आज जाणकारांच्या अंदाजाने त्या अंकाच्या शंभरेक प्रती उरल्या आहेत. त्यांतली एक उत्तम प्रत एप्रिल 2024मध्ये साठ लाख डॉलरला विकली गेली. कुणीच जपायचं ठरवलं नव्हतं, म्हणून तो अंक दुर्मीळ झाला.

उलटं उदाहरणही तिथलंच आहे. 1992च्या अखेरीस ‘सुपरमॅन’चा 75वा अंक आला, त्यात नायकाचा मृत्यू होता. पुढे सोनं होईल या आशेने लोकांनी एकेक नव्हे, पाच-पाच, दहा-दहा प्रती, ज्या काळ्या बंद पिशवीत अंक विकला गेला तिच्यासकट, न उघडता ठेवून दिल्या. लाखो प्रती खपल्या आणि लाखो प्रती जपल्या गेल्या, त्यामुळे तीस वर्षांनंतरही त्याला फारशी किंमत नाही. आपल्याकडे हेच गणित अमर चित्र कथेला लागू पडतं. अनंत पै टाइम्समध्ये असताना इंद्रजालच्या उभारणीत होते. 1967मध्ये त्यांनी इंडिया बुक हाऊसकडून अमर चित्र कथा सुरू केली. ‘कृष्ण’सारखी पुस्तकं, ज्यांची चित्रं राम वाईरकरांनी काढली, अनेकदा पुन्हा छापली गेली. म्हणून घरात सापडलेल्या अमर चित्र कथेच्या प्रतीवर आधी किंमत आणि प्रकाशकाचा पत्ता पाहावा. पहिल्या छपाईची प्रत आणि पंधरा वर्षांनंतरची प्रत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. इंद्रजालचे अंक वर्तमानपत्रासारखे होते: आले, खपले, संपले. पुढे इतर प्रकाशकांनी वेताळच्या कथा नव्याने काढल्या, पण तो इंद्रजालचा अंक नव्हे आणि संग्राहक त्याला तसं मोजत नाहीत.

दुर्मीळपणाबरोबर मागणीही लागते. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 17 फेब्रुवारी 1936 रोजी फँटम, म्हणजे आपला वेताळ, वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत आणला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी त्याच्याकडे होता, म्हणून सुपरहिरोंच्या इतिहासात त्याचं स्थान आहे. ऑस्ट्रेलियात 1948पासून आणि स्वीडनमध्ये 1950पासून त्याचे स्वतंत्र अंक निघतात. तिथल्या हौशी संग्राहकांना भारतीय अंक हवे असतात, कारण त्यांची मुखपृष्ठं इथे स्वतंत्रपणे रंगवली गेली. गोविंद ब्राह्मणिया, जे बी. गोविंद या नावाने ओळखले जात, त्यांनी सुरुवातीच्या कितीतरी अंकांची मुखपृष्ठं केली. मजकूरही जसाच्या तसा नव्हता. मूळ कथांमधलं ‘बंगाल’ इथल्या वाचकाला खटकेल म्हणून इंद्रजालमध्ये वेताळचा देश ‘डेंकाली’ झाला. हे मुंबईत घडलेलं काम आहे आणि माझ्या मते इंद्रजालचं खरं मोल इथेच आहे.

मग 803 अंकांपैकी कोणता महाग? पहिला, हे उघड आहे, आणि त्याच्या मागोमाग सुरुवातीचे काही डझन, ज्यांत वेताळच वेताळ होता. त्यानंतर एखादं पात्र पहिल्यांदा येतं तो अंक. 1976मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चितारलेला ‘बहादूर’ आला: दरोडेखोराचा मुलगा, जीन्स आणि भगवा कुर्ता घालून दरोडेखोरांशीच लढणारा. परदेशी नायकांच्या या मालिकेतला तो आपला माणूस, त्यामुळे त्याचा पहिला अंक लोक शोधतात. हिंदीत हाच नियम दिल्लीच्या राज कॉमिक्सला लागतो. 1986मध्ये त्यांचा ‘नागराज’ आला आणि त्याची सुरुवातीची चित्रं काढली पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर लागतं. तिथून अलीकडे हिंदी कॉमिक्स वाचणारे पुष्कळ होते, त्यामुळे खानदेशातल्या ट्रंकेत मराठी वेताळशेजारी हिंदी नागराज निघाला तर त्याचीही तारीख पाहावी. वेताळच्या मधल्या आणि शेवटच्या काळातल्या बहुतेक अंकांना मात्र मोठी किंमत येत नाही. त्यांचा उपयोग संच पूर्ण करणाऱ्याला.

आता प्रतीची अवस्था, कारण खरा फरक इथे पडतो. अमेरिकेत 2000 सालापासून सीजीसी नावाची कंपनी प्रतीला दहापैकी गुण देते आणि ती प्लॅस्टिकच्या कवचात बंद करते. स्पायडरमॅनचा पहिला अंक, ऑगस्ट 1962चा ‘अमेझिंग फँटसी’ क्रमांक 15, 9.6 गुणांच्या अवस्थेत 2021मध्ये छत्तीस लाख डॉलरला गेला. त्याच अंकाची फाटकी प्रत त्या रकमेच्या किरकोळ अंशाला मिळते. आपल्याकडे बहुतेक व्यवहार कवचाशिवाय, डोळ्यांनी पाहून होतात, म्हणून काय पाहायचं ते माहीत हवं.

आधी पाठीचा कणा पाहावा: तिथे घड्यांच्या पांढऱ्या रेघा किती आहेत, मुखपृष्ठ दोन्ही पिनांना घट्ट धरून आहे की सुटलं आहे. पिना गंजल्या असतील तर गंजाचा डाग कागदात उतरलेला असतो. नंतर पानं मोजावीत. मधलं जोडपान पिनांतून निसटून हरवतं आणि कथा वाचल्याशिवाय ते लक्षात येत नाही. कोडी पेन्सिलने सोडवलेली, कुपन कापून घेतलेलं, मुखपृष्ठावर शाईने नाव घातलेलं, हे सगळं भाव कमी करतं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्यांचा शिक्काही तसाच. सुट्टीत काही पैशांत एक अंक घरी नेता येई, त्या प्रती शंभर हातांतून गेलेल्या असतात. मला शिक्क्याची प्रत आवडते, कारण अंक कुठे वाचला गेला ते ती सांगते. बाजाराला मात्र ती आवडत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान बाइंडिंगने केलं, आणि तेही प्रेमापोटी. दहा-बारा अंक एकत्र शिवून, पुठ्ठा घालून, कटिंग मशिनखाली तिन्ही कडा सारख्या केल्या की प्रत्येक अंकाची कड कायमची गेली. कित्येकदा बाइंडर मुखपृष्ठंच काढून टाकी. तरीही असा गठ्ठा उसवू नये. मराठी अंकांची साखळी त्यात सलग सापडते आणि अभ्यासकाला तीच हवी असते.

कागद स्वस्त होता, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन या द्रव्याचा हवा आणि उजेडाशी संयोग झाला की कागद पिवळा पडतो, आम्ल तयार होतं आणि आम्ल कागदाचे तंतू तोडतं. उष्णतेने हे सगळं जलद होतं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या छताखाली तर विचारायलाच नको. अशा जागी ठेवलेली प्रत दुमडली की पापडासारखी तुटते. दुसऱ्या बाजूने, कोकणात जी बुरशी कागद खाते ती इथल्या कोरड्या हवेत कमी. जुनी धाब्याची घरं आत थंड, म्हणून कागदाला बरी, पण माती आणि लाकडी सर यांतून वाळवी येते आणि पावसाळ्यात धाबं गळतं. म्हणून ट्रंक जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, घरातल्या सगळ्यात थंड आणि अंधाऱ्या खोलीत असावी, माळ्यावर नको. अंक आडवे, थोडे थोडे रचावेत. पिशवी पॉलिप्रॉपिलिनची किंवा पॉलिएस्टरची घ्यावी. पीव्हीसी जळगावच्या पाइपांना ठीक, कागदाजवळ नको. सेलोटेप कधीच लावू नये, त्याचा डिंक तपकिरी होऊन आरपार जातो. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही.

किमती वाढल्या तशा बनावट प्रतीही आल्या. 1974मध्ये डीसी कंपनीने ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची मोठ्या आकाराची पुनर्छपाई केली, तिचं बाहेरचं वेष्टन काढून ती मूळ म्हणून खपवणारे निघाले. मोजपट्टी लावली की ती उघडी पडते. आपल्याकडे धोका मुखपृष्ठाचा: हरवलेल्या मुखपृष्ठाच्या जागी रंगीत प्रिंट लावता येतं. भिंग घेऊन पाहावं. जुन्या छपाईत रंगांचे ठिपके ओळीने, ठरावीक जाळीत असतात. घरगुती प्रिंटरचे तुषार विस्कटलेले दिसतात. मुखपृष्ठ पांढरंशुभ्र आणि आतली पानं तपकिरी असतील तरीही शंका घ्यावी.

भावाबद्दल एकच सांगतो. इंटरनेटवर मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. व्यवहार पूर्ण झालेल्या विक्रीचे आकडे पाहा, आणि भाषा, क्रमांक, अवस्था तिन्ही जुळत असतील तरच तुलना करा. इंग्रजी अंकाचा भाव मराठीला लावता येत नाही. मराठी प्रती कमी उरल्या, पण मागणारेही कमी आहेत.

इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर वाड्या-वाड्यांतून जुने कागद गोळा करत हिंडले आणि 1926च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927पासून धुळ्यात ते काम करत आहे. कागदाची किंमत ओळखणारी परंपरा या जिल्ह्यांत आहे, पण मुलांच्या कागदाकडे तिचं लक्ष गेलेलं नाही. मराठी इंद्रजालचा कोणता अंक कोणत्या नावाने निघाला, अनुवाद कसा होता, हे नीट कळायचं तर प्रती समोर हव्यात. तेव्हा ट्रंक उघडाल त्या दिवशी प्रत्येक अंकाचा क्रमांक, नंतरच्या अंकांवर खंड आणि अंक दोन्ही, तारीख आणि कथेचं नाव वहीत उतरवा, मुखपृष्ठाचा फोटो काढा. विकायचं असेल तर जरूर विका. विकायचं नसेल आणि घरात जागाही नसेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या वाचनालयात एकदा विचारा.