वाऱ्याच्या बोगद्यातली सायकल

दोस्तांनो, नवी सायकल घ्यायला तुम्ही बाबांबरोबर दुकानात जाता तेव्हा काय होतं? रंग तुम्ही ठरवता, किंमत बाबा ठरवतात. दुकानदार सीट थोडी खालीवर करून देतो, चाकांत हवा भरतो, आणि घंटी वाजवत तुम्ही घरी!

जेसी थॉमस हा अमेरिकन खेळाडू नव्या सायकलीसाठी कंपनीत गेला, तेव्हा मात्र त्याला चक्क वादळात बसवण्यात आलं. आणि तिथे जे सापडलं ते सायकलीत नव्हतंच. ते होतं त्याच्या पायांवर!

जेसी ट्रायथलॉनचा खेळाडू. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल हाणायची आणि उतरलं की लगेच धावायचं. मध्ये विश्रांती नाही. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अशी मोठी शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा स्पर्धक समुद्रात १.९ किलोमीटर पोहले, मग ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं! जेसी अशाच लांब पल्ल्याच्या शर्यतींतला. कॅलिफोर्नियातली वाइल्डफ्लॉवर ही नावाजलेली शर्यत त्यानं २०११ साली जिंकली होती.

आता या वादळाबद्दल. कॅलिफोर्नियात मॉर्गन हिल या गावी स्पेशलाइज्ड नावाची सायकल कंपनी आहे. तिनं २०१३ साली स्वतःचा ‘विंड टनेल’, म्हणजे वाऱ्याचा बोगदा बांधला. आत सायकल एका जागी पक्की बसवतात, खेळाडू तिच्यावर पेडल मारत राहतो आणि मोठमोठे पंखे त्याच्या अंगावर वारा सोडतात. सायकलीखाली एक अतिशय नाजूक काटा असतो. वारा खेळाडूला किती जोरानं मागे ढकलतोय, ते तो मोजतो.

एवढा खटाटोप कशाला? तर वेगानं जाणाऱ्या सायकलस्वाराचा सर्वांत मोठा शत्रू चढ नव्हे, हवा! सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरनं जाताना त्याची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यातच खर्च होते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि ताकद लागते ती आठपट. पटत नसेल तर गणिताच्या सरांना विचारा.

तर जेसी आला. सायकल शर्यतीतले पुष्कळ खेळाडू पायांचे केस काढतात, कारण पडल्यावर जखम धुणं सोपं जातं आणि मालीशही नीट होतं. जेसीचे पाय मात्र चांगलेच केसाळ होते. कंपनीचे इंजिनिअर मार्क कोटे आणि ख्रिस यू यांनी आधी तसंच मोजमाप घेतलं. मग जेसीनं पाय गुळगुळीत केले आणि तो पुन्हा बोगद्यात शिरला. हवेचा विरोध जवळजवळ ७ टक्क्यांनी कमी! ४० किलोमीटरच्या शर्यतीत सुमारे ७९ सेकंदांचा फायदा!

इंजिनिअरांचा यावर विश्वासच बसेना. कारण या प्रश्नाचं उत्तर १९८७ सालीच छापून आलेलं होतं. चेस्टर काइल या शास्त्रज्ञानं एका नकली पायावर केस चिकटवून, लहानशा बोगद्यात तो तपासला होता. त्याचं उत्तर होतं, ४० किलोमीटरला फार तर ५ सेकंद. सगळ्यांनी ते मान्य केलं आणि विषय संपला! काइल काही ऐरागैरा माणूस नव्हता बरं का. सायकल आणि हवा या विषयातला तो मोठा जाणकार. पण नकली पाय तो नकली पाय; तो थोडाच पेडल मारतो?

म्हणून मग आणखी काही सायकलस्वारांना आधी केसांसकट आणि नंतर केसांशिवाय बोगद्यात बसवण्यात आलं. प्रत्येकाला फायदा झाला. ४० किलोमीटरला ५० ते ८२ सेकंद. २०१४ साली कंपनीनं हे जाहीर केलं आणि सायकलवाल्यांमध्ये एकच चर्चा सुरू झाली.

अर्थात तपासलेली माणसं मोजकीच होती, आणि मोजणारी कंपनी सायकली विकणारी. आपल्याच सायकलीचं कौतुक तिनं केलं असतं तर मी दोनदा विचार केला असता. पण ही कंपनी वस्तरे विकत नाही! शिवाय केसांमुळे वारा अडणार हे वाटतं तितकं उघड नाही. गोल्फचा चेंडू पाहिलाय? त्याच्यावर मुद्दाम खळगे पाडतात, कारण तो खळग्यांमुळे गुळगुळीत चेंडूपेक्षा जास्त लांब जातो. तेव्हा मोजून बघितल्याशिवाय कुणी काही सांगू शकत नव्हतं.

मोजायला तुमच्याकडे बोगदा नाही, पण उतार तर आहे! रहदारी नसलेला एखादा छोटा उतार शोधा आणि आईबाबांपैकी कुणाला तरी सोबत न्या. वरून एकदा ताठ बसून, पेडल न मारता सायकल सोडा आणि ती कुठे थांबते तिथे खडूनं खूण करा. दुसऱ्यांदा हँडलवर वाकून, पण मान वर आणि हात ब्रेकवर ठेवून सोडा. दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. प्रत्येक प्रकार तीन-तीनदा करा, म्हणजे चूक असेल तर कळेल.

बाबांच्या वस्तऱ्याला मात्र हात लावायचा नाही हं!